विपणन क्षेत्र : आपल्या तरुणांपुढील एक वाट

दहावी-बारावीचा निकाल लागला, पदवीचा कागद हाती आला, की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. "पोरगं आता काय करणार?" उत्तरेही ठरलेली असतात. पोलीस भरतीची तयारी, तलाठ्याचा फॉर्म, बँकेची परीक्षा, नाहीतर अमरावतीला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. या वाटा चांगल्याच आहेत. सरकारी नोकरीतील राखीव जागा आपल्या हक्काच्या आहेत आणि त्या मिळवण्यासाठी झटलेच पाहिजे. परंतु जागा थोड्या व अर्ज फार, अशी स्थिती आहे. पाच-सहा वर्षे फॉर्म भरण्यात जातात, वय निघून जाते आणि होतकरू मुलगा घरी बसतो. त्याच काळात ज्या एका मोठ्या क्षेत्रात माणसे लागत असतात, त्याकडे आपले लक्ष जात नाही. ते क्षेत्र म्हणजे विपणन, अर्थात मार्केटिंग.

लक्ष न जाण्याला कारणे आहेत. 'मुलगा मार्केटिंगला आहे' हे वाक्य आपल्याकडे जरा खालच्या आवाजात सांगितले जाते. पाठीवर बॅग टाकून दुकानोदुकानी फिरणारा, टार्गेट पुरे झाले नाही म्हणून साहेबाची बोलणी खाणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. दुसरे म्हणजे, याच नावाखाली साखळी योजनावाले गावोगाव येतात आणि लोकांचे पैसे घेऊन जातात. त्यामुळे हे क्षेत्र एक तर हलके वाटते, नाहीतर फसवे वाटते. परंतु आमच्या मते खरे कारण तिसरेच आहे. सरकारी भरतीची जाहिरात वर्तमानपत्रात येते, ती सर्वांना दिसते. मार्केटिंगमधील कितीतरी नोकऱ्यांची जाहिरात येतच नाही. त्या ओळखीपाळखीतून कळतात. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी दुकान टाकले नाही, कोणी एजन्सी घेतली नाही, त्या घराला हे दार कुठे आहे तेच ठाऊक नसते. आपल्या मुलामुलींत पात्रता कमी नाही. कमी आहे ती माहिती. म्हणून या क्षेत्रात शिरण्याची दारे किती, कोणत्या दाराने गेल्यास कुठवर जाता येते आणि कोणते दार खोटे, हे सांगण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

विकणे वेगळे, विपणन वेगळे

प्रथम एक गैरसमज दूर करू. विक्री हा विपणनाचा एक भाग आहे, सारे विपणन नव्हे. कास्तकार तूर घेऊन कारंजाच्या बाजार समितीत जातो, हर्रास होतो, मिळेल त्या भावाने माल देऊन तो परत येतो. ही विक्री झाली. आता समजा, गावातल्या बचत गटाच्या बायांनी तीच तूर घेतली, डाळ केली, निवडून एक किलोच्या पाकिटात भरली. त्याआधी त्यांनी अमरावतीच्या दहा घरी विचारले की डाळ घेताना तुम्ही काय पाहता? कोणी म्हणाले, लवकर शिजली पाहिजे. कोणी म्हणाले, पॉलिश नको. मग त्यांनी त्याप्रमाणे डाळ केली, भाव ठरवला, कोणत्या दुकानात ठेवायची ते ठरवले आणि पाकिटावर गावाचे नाव टाकले. हे विपणन झाले.

अमेरिकेतील प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली या साऱ्याची मांडणी चार शब्दांत केली. वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी. आजही व्यवस्थापनाच्या महाविद्यालयात पहिला धडा हाच असतो. गिऱ्हाइकाला काय हवे ते आधी समजून घ्यायचे आणि मग माल, भाव, जागा व जाहिरात त्याला जुळवायची, एवढेच याचे सार.

आपल्या महाराष्ट्रातही याची जुनी उदाहरणे आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा समज कास्तकारांत होता. नांगर चांगला असून भागत नव्हते, तो समज आधी घालवावा लागला. याच कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक काढले. कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी हा त्याचा हेतू. पुढे त्याचेच महाराष्ट्रभर वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले. दारोदार फिरण्याला हलके समजणाऱ्यांनी आणखी एक उदाहरण ध्यानात ठेवावे. नागपूरहून मुंबईला गेलेल्या केशव पेंढरकर यांनी १९५२ साली विको कंपनी काढली. सुरुवातीला ते व त्यांची मुले दंतमंजन घेऊन घरोघर जात. पुढे त्याच मालाच्या जाहिराती देशभरच्या टीव्हीवर दिसू लागल्या.

हा विषय आपल्या तालुक्याला नवा नाही

कामरगाव हे कारंजा तालुक्यातले गाव. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा झाला, त्याआधी आपण अकोला जिल्ह्यात होतो. शेतमाल विपणनाच्या पुस्तकांत आपल्या तालुक्याचे नाव अगदी पहिल्या पानांवर येते, हे मात्र आपल्या फार थोड्या मुलांना माहीत आहे. भारतातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा येथे सुरू झाला. त्या वेळी वऱ्हाड इंग्रजांच्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या कारभाराखाली होते आणि त्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने हा बाजार बसला. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा मानला जातो.

हे इंग्रजांनी कास्तकाराच्या कळवळ्याने केले असे समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस वाजवी भावात हवा होता. म्हणजे गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे होते आणि त्याला काय हवे ते पाहून कारंजाचा बाजार लावला गेला. विपणनाचा पहिला धडा आपल्या दाराशीच गिरवला गेला म्हणायचा! फक्त तो गिरवणारे आपण नव्हतो. कापूस पिकवणारा, वेचणारा, बंडीत भरणारा माणूस खालीच राहिला. भाव बोलणारा आणि तराजू धरणारा वेगळा होता. बाजारावरच्या समित्यांत सुरुवातीला व्यापाऱ्यांचेच वजन असे. उत्पादकांना प्रतिनिधित्व देण्याचा विचार मुंबई प्रांताच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्यापासून पुढे आला आणि आजच्या बाजार समित्या १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने चालतात. १९७२ पासून पुढे सुमारे तीस वर्षे राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम हा संगणकावरचा राष्ट्रीय बाजार सुरू झाला.

हा इतिहास सांगण्याचे कारण एकच. बाजार बदलत गेला, कायदे बदलत गेले, परंतु प्रत्येक वेळी फायदा त्याला झाला ज्याला बाजाराची रीत कळली. कष्ट करणारा आणि बाजार कळणारा, ही दोन माणसे आपल्याकडे फार काळ वेगळी राहिली. ती एक व्हावीत, हे या विषयात आपल्यासाठी खरे पणाला लागलेले आहे.

पहिले दार : बारावी किंवा साधी पदवी

साबण, बिस्किटे, चहा, तेल यांच्या कंपन्या तालुक्याच्या गावी डिस्ट्रिब्युटर नेमतात. त्या डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समन असतात. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रस्त्यावरच्या दुकानांत जायचे, ऑर्डर घ्यायची, जुनी उधारी वसूल करायची, माल दुकानात समोर मांडला आहे की नाही ते पाहायचे. या फेरीला बीट म्हणतात. बारावी झालेला, दुचाकी चालवणारा, हिशेब नीट ठेवणारा मुलगा हे काम करू शकतो. ही जागा अर्ज करून क्वचितच मिळते. डिस्ट्रिब्युटरच्या गोदामावर जाऊन "भाऊ, माणूस पाहिजे का?" असे विचारले की मिळते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हा सेल्समन बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या पगारावर असतो, कंपनीच्या नव्हे. कंपनीचा सेल्स ऑफिसर वेगळा असतो आणि त्या जागेसाठी सहसा पदवी, पुष्कळदा एमबीए मागतात. म्हणून या दाराने शिरणाऱ्याने शिक्षण थांबवू नये. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून (स्थापना १९८९) नोकरी करता करता पदवी घेता येते. पदवी हाती नसेल तर दहा वर्षांनीही तीच बीट फिरावी लागते. पदवी आणि तीन-चार वर्षांचा चांगला अनुभव असेल तर वर चढण्यासाठी निदान हक्काने बोलता येते.

मोठ्या गावातील कपड्यांच्या, मोबाइलच्या, घरगुती उपकरणांच्या दुकानांत काउंटरवरची कामे असतात. मुलींसाठी ही सुरुवात चांगली आहे. विम्याचे एजंट होण्यासाठी वय अठरा पूर्ण व दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि विमा नियामकाने ठरवलेली परीक्षा द्यावी लागते. यात पगार नसतो, कमिशन असते. पहिली दोन वर्षे ओळखीचे लोक पॉलिसी घेतात, खरी कसोटी तिसऱ्या वर्षी लागते, हे ध्यानात धरूनच त्यात पडावे.

दुसरे दार : आपल्या विषयाच्या जोरावर

ज्याने जे शिकले त्याच मालाच्या विक्रीत गेल्यास त्याच्या ज्ञानाला किंमत येते.

बी.एस्सी. किंवा बी.फार्म. झालेल्यांसाठी औषध कंपन्यांतील वैद्यकीय प्रतिनिधीचे काम, म्हणजे एम.आर., हे जुने व नावाजलेले दार आहे. डॉक्टरांना भेटून औषधाची माहिती द्यायची, मेडिकल दुकानात माल आहे का ते पाहायचे, स्टॉकिस्टकडे साठा तपासायचा. डॉक्टरकडे दोन-चार मिनिटे मिळतात, त्यात मुद्द्याचे बोलावे लागते. बोलण्याची आणि वेळ पाळण्याची ही फार मोठी शाळा आहे. येथून एरिया मॅनेजर, रिजनल मॅनेजर असे चढता येते. या कर्मचाऱ्यांसाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधनकारक झाले. नव्या कामगार संहितांतही नेमणूकपत्राची तरतूद आहे. पत्र दिल्याशिवाय कामाला जुंपणाऱ्या कंपनीपासून दूर राहावे.

कृषी पदविका किंवा बी.एस्सी. कृषी झालेल्यांना तर आपला भागच मोठे कार्यक्षेत्र आहे. बियाणे, खते, कीटकनाशके, ठिबक संच यांच्या कंपन्यांना गावोगाव फिरणारे प्रतिनिधी लागतात. राज्याचे बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज (स्थापना १९७६), अकोल्यातच आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही (स्थापना १९६९) अकोल्यातच आहे. कपाशीवर बोंडअळी केव्हा येते, सोयाबीन पिवळे का पडते, हे ज्याने घरच्या वावरात पाहिले आहे त्याच्याशी कास्तकार मोकळेपणाने बोलतो. शहरातून आलेल्या साहेबाला तो "बरं, पाहतो" म्हणून वाटेला लावतो. हा फरक कंपन्यांनाही कळतो. कृषी केंद्र स्वतः काढायचे असेल तर परवान्यासाठी शिक्षणाच्या अटी आहेत, त्या आधी कृषी कार्यालयात विचारून घ्याव्या. हैदराबादच्या मॅनेज संस्थेने निविष्ठा विक्रेत्यांसाठी २००३ पासून एक वर्षाची पदविका चालवली आहे. कृषी पदवीधरांसाठी २००२ पासून ॲग्री-क्लिनिक योजनाही आहे, तिच्यात प्रशिक्षण व कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते.

तिसरे दार : एमबीए

दोन वर्षांचे पूर्णवेळ एमबीए आणि त्यात मार्केटिंग हा विशेष विषय, ही थेट अधिकारी होण्याची वाट आहे. राज्यातील महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते. पदवीला खुल्या वर्गाला ५० टक्के व राज्यातील मागासवर्गीयांना ४५ टक्के गुण लागतात. पदवी कोणत्याही शाखेची चालते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात (स्थापना १९८३) स्वतःचा व्यवस्थापन विभाग आहे. आयआयएमसाठी कॅट ही परीक्षा द्यावी लागते. नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे, म्हणजे त्यासाठी अहमदाबाद-कलकत्त्यालाच गेले पाहिजे असे राहिले नाही. शेतमालाच्या व्यापारात रस असणाऱ्यांनी पुण्याची वैकुंठ मेहता संस्था आणि जयपूरची राष्ट्रीय कृषी विपणन संस्था यांचे अभ्यासक्रम पाहावेत. ग्रामीण व्यवस्थापनासाठी गुजरातमधील आणंदची इर्मा संस्था (स्थापना १९७९) नामांकित आहे.

आपल्या मुलांसाठी येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली दाखल्यांची. राज्यातील प्रवेशाला जातीचा दाखला व जात पडताळणी प्रमाणपत्र लागते. आयआयएमसारख्या केंद्रीय संस्थेला केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला लागतो. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, हे आपण जाणतोच. दाखला मात्र योग्य नमुन्यात नसेल तर हातचा प्रवेश जातो. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षीच तहसील कार्यालयाच्या खेपा आटोपून घ्याव्या. दुसरी गोष्ट पैशाची. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांची माहिती समाजकल्याण कार्यालयातून घ्यावी. उत्पन्नाच्या अटी व मुदती दरवर्षी तपासाव्यात. फी ऐकून घाबरून घरी बसू नये. तसेच ज्या खाजगी महाविद्यालयातून कोणालाच धड नोकरी लागत नाही, तेथे केवळ एमबीए हा शब्द मिळावा म्हणून कर्ज काढू नये. मागील दोन वर्षांची मुले कोठे लागली, हे तेथील मुलांनाच जाऊन विचारावे.

चौथे दार : सरकारी क्षेत्रातील मार्केटिंग

ज्यांचे मन सरकारी नोकरीतच आहे त्यांनाही या क्षेत्रात जागा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. सरकारी बँकांतील विशेष अधिकाऱ्यांची भरती आयबीपीएसमार्फत होते. त्यात मार्केटिंग ऑफिसर हे पद असते आणि राखीव जागा असतात. त्यासाठी मार्केटिंग विषयातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एमबीए किंवा त्या तोडीची पदविका लागते. 'पूर्णवेळ' हा शब्द ध्यानात ठेवावा. दूरस्थ पद्धतीने केलेले एमबीए इतर ठिकाणी उपयोगी पडेल, येथे नाही.

भारतीय कपास निगम, म्हणजे सीसीआय (स्थापना १९७०), हमीभावाने कापूस खरेदी करते. अकोल्यात तिची शाखा आहे. तिच्या भरतीत कृषी व्यवसायाचे एमबीए झालेल्यांसाठी मार्केटिंगचे प्रशिक्षणार्थी आणि बी.एस्सी. कृषी झालेल्यांसाठी कनिष्ठ वाणिज्य अधिकारी अशी पदे निघतात. कापसाच्या गावातल्या मुलाने कापसाचा धागा, ओलावा, प्रत यांचे ज्ञान घेऊन या जागेवर जावे, यासारखी शोभणारी गोष्ट नाही.

पाचवे दार : स्वतःचा माल, स्वतःचे नाव

पूर्वी जाहिरात द्यायची म्हणजे वर्तमानपत्राला पैसे मोजावे लागत. आता हातातल्या मोबाइलवर दुकान मांडता येते. लहान दुकानदार, डॉक्टर, शिकवणी वर्ग, कृषी केंद्रे यांना मोबाइलवरची प्रसिद्धी करून देणारी माणसे हवी असतात. चांगला फोटो, चार ओळींचा नेमका मजकूर, आलेल्या विचारणेला वेळेवर उत्तर आणि महिन्याअखेरीस किती गिऱ्हाईक वाढले याचा हिशेब, एवढे ज्याला जमते तो हे काम घेऊ शकतो. याचे प्राथमिक शिक्षण सरकारच्या स्वयम् पोर्टलवर तसेच गूगलसारख्या कंपन्यांच्या अभ्यासक्रमांतून फुकट मिळते. पन्नास हजार फी घेणाऱ्या क्लासला जाण्यापूर्वी फुकटचे शिकून गावातल्या एका दुकानाचे काम करून पाहावे. आपली वऱ्हाडी बोली येथे कमीपणाची नव्हे, भांडवलाची गोष्ट आहे. वऱ्हाडातल्या गिऱ्हाइकाला वऱ्हाडीत सांगितलेले चटकन पटते.

महिलांच्या बचत गटांना उमेद अभियान आणि माविम (स्थापना १९७५) यांच्यामार्फत प्रदर्शनांत माल मांडता येतो. शिकलेल्या मुलींनी आपल्या आई-मावशीच्या गटाचा हिशेब, लेबल, अन्न सुरक्षा नोंदणी आणि ऑर्डर सांभाळली तर तोच त्यांचा पहिला अनुभव ठरेल. मुलाखतीत "अनुभव काय?" असे विचारल्यावर सांगायला हातात आकडे असतील.

खोटे दार

आता सर्वांत महत्त्वाचे. नोकरी म्हणून बोलावतात, एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये सभा असते, टाय लावलेले तरुण टाळ्या वाजवतात, मोटारीचे फोटो दाखवतात आणि शेवटी दहा-पंधरा हजार भरायला सांगतात. "तुम्ही दोघे आणा, ते दोघे चार आणतील" असे गणित फळ्यावर मांडतात. आपल्या भागातील कितीतरी घरांनी यासाठी बकऱ्या विकल्या आहेत, मंगळसूत्रे गहाण टाकली आहेत. पैसे गेलेच, वर नात्यागोत्यातली माणसेही तुटली, कारण पहिले गिऱ्हाईक मामा आणि दुसरे गिऱ्हाईक मावशी असते.

हे विपणन नव्हे. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर १९७८ सालापासून कायद्याने बंदी आहे. २०२१ साली केंद्र सरकारने थेट विक्रीसंबंधी नियम केले. त्यांनुसार पिरॅमिड योजना चालवता येत नाही आणि सभासद होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. मिळकत माल विकल्याने होते की माणसे जोडल्याने, एवढेच विचारावे. माणसे जोडल्याने होत असेल तर उठून यावे. आणि एक नियम पाठ करून ठेवावा : नोकरी पगार देते, पैसे मागत नाही. डिपॉझिट, किट, ट्रेनिंग फी, गणवेशाचे पैसे, नाव काहीही असो, मागणारा नोकरी देणारा नसतो.

आडनावाचा प्रश्न

खाजगी क्षेत्रात राखीव जागा नाहीत आणि आडनाव विचारणारे लोक आजही आहेत. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खुद्द बाबासाहेबांना हा अनुभव आला. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर त्यांनी शेअर व गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, ज्ञानात उणे काहीच नव्हते. परंतु ते अस्पृश्य आहेत हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. पुढे १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

यातून दोन गोष्टी घ्याव्या असे आम्हांस वाटते. बाजार सर्वांना सारखा वागवतो, ही समजूत बरोबर नाही. माल चांगला असला की झाले, असे म्हणून भागत नाही. विश्वास मिळवावा लागतो आणि आपल्याला तो इतरांपेक्षा अधिक कष्टाने मिळवावा लागतो. परंतु मार्केटिंगमध्ये महिन्याच्या शेवटी आकडा समोर येतो, ही या क्षेत्राची जमेची बाजू आहे. आपण किती दुकाने जोडली, किती वसुली केली, किती गिऱ्हाईक टिकवले, हे कागदावर असते. ज्याने आपला आकडा महिन्याच्या महिन्याला वहीत लिहून ठेवला त्याला डावलणे अवघड जाते. तोच आकडा घेऊन तो दुसऱ्या कंपनीच्या दारात उभा राहू शकतो. आणि जो समाज एकेकाळी केवळ गिऱ्हाईक होता तो विक्रेता व मालकही होऊ शकतो, हे २००५ साली पुण्यात स्थापन झालेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या संघटनेतील उद्योजकांनी दाखवले आहे.

तयारी कशी करावी

तरुण मित्रांनो, यासाठी मोठे भांडवल लागत नाही. आठवडी बाजारात सलग चार आठवडे एका कोपऱ्यात वही घेऊन बसा. कोणत्या दुकानावर गर्दी आहे, भाव तोच असताना लोक एकाकडे का जातात आणि दुसऱ्याकडे का जात नाहीत, भाजीवाली बाई सकाळचा भाव संध्याकाळी का बदलते, हे टिपून ठेवा. असे टिपण घेऊन मुलाखतीला गेलेला मुलगा पुस्तक पाठ करून आलेल्यापेक्षा वेगळा दिसतो.

मराठी स्वच्छ लिहिता आली पाहिजे. हिंदी बिनदिक्कत बोलता आली पाहिजे. इंग्रजीची भीती घालवण्यासाठी रोज एक पान मोठ्याने वाचावे आणि आपल्या मालाची ओळख पाच वाक्यांत इंग्रजीत सांगण्याचा सराव करावा. टक्केवारी, नफा-तोटा, सूट, जीएसटी यांचा तोंडी हिशेब आला पाहिजे. संगणकावर हिशेबाचा तक्ता करता आला पाहिजे. दुचाकीचा परवाना काढून ठेवावा. आणि 'नाही' ऐकण्याची सवय करावी. दहा दुकानांपैकी आठ जण नाही म्हणतात. तो आपला अपमान नसतो, त्या दिवशी त्याला माल नको असतो एवढेच. पुढच्या आठवड्यात त्याच दारात पुन्हा हसत जाणारा या धंद्यात टिकतो.

नोकरी घेताना चार गोष्टी विचाराव्यात. ठरलेला पगार किती आणि कमिशन किती? पेट्रोल व जेवणाचा भत्ता वेगळा आहे का? पगार कंपनी देणार की मधला ठेकेदार? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? हे विचारण्यात उर्मटपणा नाही. जो आपला पगार नीट विचारू शकत नाही तो दुसऱ्याचा माल काय विकणार?

वडीलधाऱ्यांना एक विनंती

शेवटी समाजातील वडीलधाऱ्यांना व नोकरदार बांधवांना एक विनंती आहे. ज्या घरांत व्यापार आहे तेथे मुलाला पहिली ओळख घरातूनच मिळते. आपल्या मुलांना ती कोण देणार? आपल्यापैकी जे औषध कंपनीत, बँकेत, विम्यात, बियाण्याच्या व्यवसायात आहेत त्यांनी वर्षातून एक दिवस गावातल्या मुलामुलींसाठी द्यावा. जागा निघाल्याचे कळताच एक फोन करावा. बायोडाटा तपासून द्यावा. विहारात पोलीस भरतीची पुस्तके ठेवतो तशी बँकेच्या मार्केटिंग ऑफिसरच्या परीक्षेची पुस्तकेही ठेवावीत. एका मुलाने एक दार उघडले की त्याच्यामागून पाच जण आत जातात, हा अनुभव आपल्याला शिक्षणात आला आहे. तो बाजारातही यावा.

कारंजाचा तराजू १८८६ पासून हलतो आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस त्यात तोलला गेला, पण तराजूची दांडी कधी आपल्या हाती आली नाही. ती हाती यावी यासाठी लागणारे शिक्षण आज आवाक्यात आहे, दारेही ठाऊक झाली आहेत. आता पाऊल टाकायचे ते आपल्या मुलामुलींनी.